चिठ्ठीवरचे अनुदान, गळ्यातले दावे

(जिल्हा मेळाव्यात सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वेचणी ऐन भरात आहे. मजुराला दिवस उजाडायच्या आत घरी जाऊन बोलवावे लागते, तरी तुम्ही एक दिवस मोडून इथे आलात. तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. कापसाच्या भावावर दुपारी बोलणे होणार आहे. आमच्याकडे दिलेला विषय असा, की शेतकऱ्याच्या नावाने सरकार जे पैसे वाटते ते कोणाच्या हातून वाटले जातात, कोणाच्या पदरात पडतात, आणि ज्याच्या पदरात पडतात त्याला त्यापायी काय द्यावे लागते.

विषयाला निमित्त आहे. आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना निरोप आला आहे, की संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीवर तुमच्यातले दोघे घेतो, नावे कळवा. निरोप गोड आहे. कार्यकर्ते विचारतात, घ्यावे काय? गावातल्या चार म्हाताऱ्यांचे, चार विधवा बायांचे काम होईल, संघटनेचेही नाव होईल. यावर आज संध्याकाळी ठराव व्हायचा आहे. त्याआधी ही समिती, ही चिठ्ठी आणि हे अनुदान म्हणजे काय प्रकरण आहे ते जरा उलगडून पाहू.

निराधार योजनेचे नियम छापील आहेत. वय किती, उत्पन्न किती, जमीन किती, कागद कोणते, सगळे लिहिलेले आहे. तहसीलदाराने कागद पाहावेत, बसत असेल तर नाव लावावे, बसत नसेल तर कारण लिहून द्यावे. एवढ्या कामाला पुढारी कशाला पाहिजे? पण तालुक्यात समिती असते, तिचा अध्यक्ष अशासकीय असतो, त्याचे नाव पालकमंत्री ठरवतात. मुंबईत सरकार बदलले की इथे समिती बदलते. म्हातारी तीच, तिचे म्हातारपण तेच, घरात कमावते कोणी नाही हेही तेच. बदलले काय? तिने कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायचे तेवढे बदलले. २०२३ पासून निराधार विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. या दीड हजारासाठी तिला एक घर कायमचे धरून राहावे लागते, आणि त्या घराने सांगितलेले बटण दाबावे लागते.

चिठ्ठीचा मोठा गुण असा आहे, की ती दिली तर उपकार होतो आणि नाही दिली तर कारण सांगावे लागत नाही. नियमाने नाव नाकारले तर माणूस भांडू शकतो, अपील करू शकतो. चिठ्ठी मिळाली नाही म्हणून कोणत्या कोर्टात जाणार? म्हणून पुढाऱ्याला नियमापेक्षा चिठ्ठी प्रिय आहे. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. चिठ्ठी आपल्यालाही प्रिय झाली आहे. नियमाने मिळण्याची वाट पाहायला वर्ष लागते, चिठ्ठीने आठ दिवसांत होते. ज्याची विहीर कोरडी आहे तो आठ दिवसांचा रस्ता धरणार. त्याला आम्ही दोष देत नाही.

पंचवीस-पंधराचा निधी

गावाकडून तालुक्याला आलो, आता जिल्ह्याला जाऊ. तुमच्या गावात सिमेंटचा रस्ता झाला असेल, सभामंडप झाला असेल, तिथे पाटी असते. पाटीवर एक आकडा पुष्कळदा दिसतो, २५१५. गावातली पोरेसुद्धा म्हणतात, पंचवीस-पंधरातून काम आणले. हे ग्रामविकास खात्याच्या हिशेबाचे शीर्ष आहे. त्याचे नावच मुळी असे, की ग्रामीण भागात लोकप्रतिनिधींनी सुचविलेली मूलभूत सुविधांची कामे. कोणत्या गावाला रस्ता जास्त गरजेचा, कोणत्या गावच्या पोरांना पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शाळेत जावे लागते, हे मोजण्याची सोय त्या नावात नाही. सुचविणारा कोण, एवढीच सोय आहे.

आमदाराला स्वतःचा स्थानिक विकास निधी असतो, तो आता वर्षाला ५ कोटी आहे आणि कागदावर सगळ्या आमदारांना सारखा आहे. पंगतीत वरण-भात सगळ्यांच्या पानात सारखा पडतो तसा. पण तुपाची वाटी वाढप्याच्या हातात असते. २५१५ सारखी शीर्षे, पुरवणी मागण्या, जिल्हा नियोजन समितीचे पैसे, हे ते तूप. घटनेप्रमाणे जिल्हा नियोजन समितीत पाचातले चार सदस्य निवडून आलेल्या पंचायती-नगरपालिकांतून यायचे असतात. ते येतातही. पण अध्यक्ष पालकमंत्री, आणि कोणत्या कामाला हात लागेल हे बहुतेक वेळा सभा भरण्याआधी ठरलेले असते.

यात एक पक्ष वाईट आणि दुसरा चांगला असा हिशेब कोणी मांडू नये. २०१९ साली राज्यात सरकार बदलले, तेव्हा नव्या सरकारने आधीच्या सरकारच्या काळातल्या कामांना स्थगिती दिली. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले, तेव्हा नव्या सरकारने तेच केले. मुख्यमंत्री वेगळे, पक्ष वेगळे, आदेशातली शाई एकच. ज्या गावचा रस्ता खडी टाकून अर्धा पडला त्या गावाने कोणाचे काय वाईट केले होते? बैलगाडी खडीवरून जाते तेव्हा बैलाचे खूर फुटतात. बैल कोणत्या पक्षाचा असतो?

अनुशेष नावाचे जुने देणे

आता राज्याचा हिशेब थोडक्यात. विदर्भ, मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना हा पाठ आहे, पण तरुण पोरांसाठी सांगतो. १९५३ साली नागपूर करार झाला, त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करू असे वचन होते. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये निधीच्या न्याय्य वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची सोय आहे. तरी पाणी आणि पैसा कुठे वाहत गेला हे मोजायला १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९८४ साली तिने सांगितले, राज्यातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांचे एकूण देणे सुमारे ३,१८७ कोटी. त्यात विदर्भ आणि मराठवाडा मिळून शंभरातले ६३ रुपये. दहा वर्षांनंतरची, १९९४ ची स्थिती दुसऱ्या समितीने मोजली तेव्हा देणे सुमारे १४,००७ कोटी निघाले आणि आपल्या दोन विभागांचा हिस्सा शंभरात ७६ रुपये झाला. रक्कम फुगली त्यात महागाई आहे, मोजणीची तऱ्हाही बदलली. पण हिस्सा ६३ वरून ७६ वर गेला तो काही महागाईने गेला नाही. १९९४ साली विकास मंडळे आली, २००१ साली राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश काढावे लागले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

हा झाला अन्यायाचा एक भाग. तेवढाच सांगून थांबले तर पुढारी टाळ्या वाजवतात, कारण मग त्यांना म्हणता येते, अनुशेषाचा पैसा आमच्या हातात द्या. दिला, तर काय झाले? २००९ साली काही महिन्यांत विदर्भातल्या ३८ सिंचन प्रकल्पांच्या किमती ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आल्या. चौपट. कालवा चौपट लांब झाला नाही, पाणी चौपट झाले नाही. अनुशेषाचा पैसा विदर्भात आला म्हणजे तो आपल्या बांधावर आला, असे समजायचे कारण नाही. ठेकेदाराला विभाग नसतो.

ज्वारीचे अनुदान कोणी प्याले

आता जी गोष्ट सांगायची ती तुमच्या-आमच्या ज्वारीची आहे, म्हणून जरा वेळ घेऊन सांगतो.

२००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण काढले. सांगितले काय? ज्वारी, बाजरी, मका पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळेल. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी व्यापारी घेत नाही, तिलाही गिऱ्हाईक मिळेल. ऐकायला गोड. आमचे यात दुमत नाही, की ज्वारीला नवे गिऱ्हाईक पाहिजे. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ घरोघर पोचला तशी ज्वारी खाणारी तोंडे कमी झाली. भाकरीपुरती पेरा आणि कडब्यासाठी पेरा, अशी पाळी आली. कोणी ज्वारीचा मद्यार्क काढो, पशुखाद्य करो, स्टार्च काढो, त्याने बाजारात उतरून चार पैसे जास्त देऊन ज्वारी घ्यावी, आमची हरकत नाही. दारूबंदीवाल्यांची हरकत होती. डॉ. अभय बंग यांनी या धोरणाला कडाडून विरोध केला, तो त्यांच्या जागी बरोबर होता. आमची तक्रार वेगळी आहे.

धोरणात अनुदान होते. किती? दर लिटरमागे १० रुपये. आता बाजार समितीत हिशेब करतो तसा हिशेब करा. एक क्विंटल ज्वारीपासून ढोबळमानाने ३५ ते ४० लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे एका क्विंटलमागे कारखान्याला ३५० ते ४०० रुपये अनुदान. त्या वर्षी, २००७-०८ च्या हंगामात, संकरित ज्वारीचा सरकारी हमीभाव होता क्विंटलला ६०० रुपये. ज्याने नांगरट केली, पेरणी केली, निंदण-खुरपण केले, पाखरे राखली, कापणी-मळणी केली, त्याला सगळे मिळून ६००, तेही सरकारी खरेदी उघडली तर. आणि ज्याने ती ज्वारी भट्टीत टाकली त्याला नुसत्या अनुदानाचे साडेतीनशे-चारशे, वर मालाची किंमत वेगळी.

भावाने अनुदान द्यायचे होते तर क्विंटलवर का दिले नाही? बाजार समितीच्या पट्टीवर शेतकऱ्याचे नाव असते, वजन असते, तारीख असते. क्विंटलला चारशे रुपये त्या पट्टीवर द्यायला काय अवघड होते? अवघड एवढेच, की पट्ट्या लाखो शेतकऱ्यांच्या आणि परवाने थोड्यांचे. थोड्यांना दिले की ते कोणाचे ते ठरवता येते. परवाने कोणाला मिळाले ते पुढे वृत्तपत्रांत छापून आले. त्यांत सत्ताधारी बाजूच्या पुढाऱ्यांच्या घरचे होते, विरोधी बाजूच्याही. विधानसभेत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे या एका पंगतीला मांडीला मांडी लावून बसले होते. बोंब झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. तुमच्यापैकी कोणाला त्या अनुदानातले काही मिळाले असेल तर हात वर करा. (सभेत हशा. एकही हात वर झाला नाही.)

यात वशिला कुठे आहे ते नीट पाहा. कोणी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही, ते कोर्टाचे काम. अनुदानाची आखणीच अशी होती, की नाव शेतकऱ्याचे राहावे आणि दार मात्र दुसऱ्याच्या घराचे उघडावे.

सूतगिरण्यांचेही तेच. कापूस आपल्याकडे पिकतो, सूतही आपल्याकडेच निघाले पाहिजे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. सहकारी सूतगिरणीसाठी राज्यात ५:४५:५० असे सूत्र झाले. शंभर रुपयांतले सभासदांचे ५, सरकारचे भागभांडवल ४५, कर्ज ५०. पाच रुपये जमवणारा शंभराचा धनी. आणि ज्याला सरकारी पंचेचाळीस मिळवता येतात तोच पाच जमवायला निघतो, मग अध्यक्ष कोण होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सांगली, कोल्हापूरकडे, जिथे शिवारात कापसाचे बोंड दिसत नाही, तिथे गिरण्या उभ्या राहिल्या. इचलकरंजीला यंत्रमाग आहेत, तिथे गिरणीला काही कारण तरी आहे. आपल्या भागात ज्या झाल्या त्यांतल्या किती चालू आहेत, ते तुम्ही रोज रस्त्याने जाता-येता पाहता. शेअरची पावती ज्यांच्या ट्रंकेत आहे त्यांनी ती सांभाळून ठेवली असेल, कापसाचा चुकारा येईल म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

नियमात लपलेला वशिला

कोणी म्हणेल, मग चिठ्ठी काढून टाका, सगळे नियमाने करा, झाले. आम्हीही तेच म्हणतो, पण नियम करणारा कोणाच्या शेतावर उभा राहून नियम करतो तेही पाहावे लागते.

२००८ साली केंद्र सरकारने कर्जमाफी दिली. ५ एकरांच्या, म्हणजे २ हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्यावरच्याला सूट, दुष्काळी जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २०,००० रुपये, यांतले जे जास्त असेल ते, आणि तीही उरलेले कर्ज भरल्यावर. नियम देशाला एक, कोणाचे नाव घेतलेले नाही, वशिला दिसत नाही. पण कालव्याखालचे चार एकर आणि मुरमाड रानातले आठ एकर एका फूटपट्टीने मोजले. चार एकर उसाचा धनी लहान शेतकरी ठरला, आणि आठ एकरांत पऱ्हाटी आणि ज्वारी पेरून, एका पावसाच्या खंडात सगळे घालवून बसणारा मोठा शेतकरी ठरला. आत्महत्या कोणाच्या शिवारात होत होत्या? या दुसऱ्याच्या. त्याच्या नावाने माफीची हाक दिली आणि माफी तिसरीकडे गेली.

जे बसत होते त्यांचे तरी धड झाले काय? कॅगचा अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेपुढे आला. माफी न मिळालेली ९,३३४ खाती नऊ राज्यांत तपासली, तेव्हा त्यांतले १,२५७ शेतकरी माफीला पात्र होते असे निघाले. पात्र असून यादीत नाव नाही. दुसरीकडे ज्यांचा हक्क नव्हता त्यांनाही माफी गेली, हेही त्याच अहवालात आहे.

त्याआधी २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. त्या सुमारास अर्ध्या किमतीत दुधाळ गाई वाटण्यात आल्या. हिरवी वैरण नाही, प्यायला पाणी नाही, आणि दारात संकरित गाय. घरच्या पोरांना दूध मिळण्याऐवजी पोरांच्या वाटचे पैसे गाईच्या पेंडीला गेले. जोडधंदा सुचवणाऱ्याने आपला कडब्याचा ढीग एकदा डोळ्यांनी पाहायला पाहिजे होता.

अलीकडचे बघा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असे अर्थसाहाय्य सरकारने जाहीर केले. वाटप सुरू झाले सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. कापूस त्याआधीच विकून झाला होता. पैसे मिळाले ते चांगलेच झाले, ज्याला मिळाले त्याने ते खर्चही केले. पण हिशेब मांडा. कोरडवाहूत हेक्टरी दहा क्विंटल कापूस धरा, म्हणजे क्विंटलला ५०० रुपये. २०२२ च्या सुरुवातीला कापूस १०,००० च्या वर गेला होता, २०२३-२४ मध्ये सात हजारांच्या आसपास आला. सगळी घसरण सरकारने केली असे आम्ही म्हणणार नाही, जगाचा बाजारही उतरला. पण बाजार चढतो तेव्हा सरकार काय करते? मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, आधी सप्टेंबरअखेर म्हणाले, मग डिसेंबरअखेर. गिरणीवाल्याला हे मागायला चिठ्ठी लागली नाही. त्याची मोळी मोठी आहे, तिला दिल्लीत वजन आहे.

शेतीची सबसिडी भारतात उणे आहे, हे संघटना कितीतरी वर्षे सांगत आली. गॅटच्या वेळी सरकारने स्वतः दिलेल्या आकड्यांतूनही तेच निघाले. २०१८ साली ओईसीडीने भारताचा हिशेब मांडला, त्यात २००० नंतरच्या वर्षांत शेतकऱ्याला मिळालेले पाठबळ सरासरीने उणे १४ टक्के आले. शंभराची शेती करणाऱ्याच्या खिशातून चौदा काढायचे, मग त्यातले दोन-तीन अनुदान म्हणून परत द्यायचे, आणि तेही कोणाला द्यायचे हे पुढाऱ्याने ठरवायचे. बैलाला पेंड दाखवावी आणि वेसण हातात ठेवावी, तसे हे चालले आहे. म्हणूनच आपली जुनी घोषणा भीक नको, घामाचे दाम हवे अशी आहे. ती काही अभिमानाने छाती फुगवण्यासाठी दिलेली नाही, हिशेब करून दिलेली आहे.

मग समितीवर जावे काय

काही कार्यकर्ते म्हणतात, आपला माणूस समितीवर असला तर निदान आपल्या लोकांची कामे होतील. भावांनो, हे वाक्य नीट ऐका. आपल्या लोकांची. म्हणजे शेजारच्या गावची विधवा, जिचा मुलगा दुसऱ्या पक्षाचा बिल्ला लावतो, ती दाराबाहेर. आजवर आपण बाहेर होतो, आता ती बाहेर. चिठ्ठी तीच, सही आपली. आणि दोन वर्षांनी मुंबईत खांदेपालट झाली की आपण पुन्हा बाहेर. मधल्या काळात कापसाच्या भावासाठी रास्ता रोको करायची वेळ आली, तर ज्याने समितीवर घेतले त्याचा फोन येणार, जरा सबुरीने घ्या. त्या फोनला काय उत्तर देणार?

आमचे मत स्वच्छ आहे. जागा घेऊ नयेत. कोणाला हे मत कडक वाटत असेल तर त्याने संध्याकाळी उभे राहून सांगावे, वाद होऊ द्यावा. मायबहिणींनी विशेषतः बोलावे, कारण निराधारच्या अर्जासाठी तहसीलच्या पायऱ्या त्याच चढतात आणि त्यांना कोण काय मागतो ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

जागा घेतली नाही म्हणजे हात बांधून बसायचे असे मात्र नाही. कृषी खात्याच्या पुष्कळ योजना २०२० नंतर महाडीबीटीवर गेल्या, सोडत निघू लागली. सोडतीत पुढाऱ्याची चिठ्ठी चालत नव्हती, ते आम्हाला बरे वाटले होते. २०२५-२६ पासून आधी अर्ज करील त्याला आधी, अशी पद्धत आली. आता ज्याच्या घरी नेट आहे आणि ज्याची सेवा केंद्रवाल्याशी ओळख आहे तो पुढे. तेव्हा प्रत्येक गावात आपल्या एका शिकल्या पोराने हे काम अंगावर घ्यावे, आणि योजना उघडली की त्याच दिवशी गावातल्या सगळ्यांचे अर्ज भरावेत. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे, कोणाचा बिल्ला बघायचा नाही.

दुसरे असे. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभेने निवडायचे असतात. यादी बंद खोलीत होते आणि ग्रामसभेच्या वहीत नंतर अंगठे घेतले जातात, हे चालते कारण ग्रामसभेला आपण जात नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा पुढे आहे. झेंडावंदन झाले की जिलेबी खाऊन घरी जाऊ नका. विहिरी, घरकुल, गोठे, निराधार, ज्या ज्या याद्या असतील त्या मोठ्याने वाचायला लावा. नाव वाचले की त्याच्यापुढे पात्र कसे, हे विचारा. भांडण करायचे नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त वहीत लिहून घ्यायला लावायचे.

आणि तिसरे, माहिती अधिकार. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे, की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती पैसे दिले, कोणाला दिले, हे प्रत्येक कार्यालयाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायचे असते. परवाने आणि सवलती कोणाला दिल्या त्यांची यादीही त्यातच येते. आपल्या तालुक्यात मागच्या तीन वर्षांत २५१५ मधून कोणत्या गावाला किती पैसे आले, कोणी सुचवले, आणि कोणत्या गावाला एकही रुपया आला नाही, एवढे तीन रकाने आपल्याला पाहिजेत. ते मिळाले की पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू, शेरा न मारता.

अर्जाचा नमुना तयार करून आणला आहे. मंडपाच्या दाराशी पाणी ठेवले आहे तिथल्या टेबलावर गठ्ठा आहे. एका गावाने एक घ्यावा. वर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे, दारिद्र्यरेषेच्या यादीत असाल तर दाखला जोडा, तिकीट लागत नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख पाहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करायचे, त्याचाही नमुना त्याच कागदाच्या पाठीमागे छापला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी यावे, आमची तीन मुले तिथे बसलेली आहेत, ती भरून देतील.